फोन करण्यापूर्वीची मिनिटे

पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर रसायनीनंतर आपटा स्थानक लागते. दसऱ्याला ज्याची पाने सोने म्हणून वाटली जातात, त्या वृक्षाचे नाव धारण केलेले हे पाताळगंगेच्या काठचे गाव. चित्रपटप्रेमींना हे स्थानक वेगळ्याच कारणाने ठाऊक असते: १९९५ सालच्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’मधील अखेरचा, धावत्या गाडीचा प्रसंग येथे चित्रित झाला. वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर मात्र गावाचे नाव आले ते २० फेब्रुवारी २०१९ च्या रात्रीमुळे. कर्जतहून आलेली एसटीची बस नेहमीप्रमाणे आपट्याला मुक्कामास थांबली होती. त्या बसमध्ये एक संशयास्पद वस्तू आढळली. पुलवामाच्या हल्ल्याला तेव्हा जेमतेम सहा दिवस झाले होते. पोलिसांना कळविण्यात आले, बॉम्बशोधक व नाशक पथक आले, ती वस्तू स्फोटकच असल्याचे निष्पन्न झाले आणि ती निकामी करण्यात आली. कोणालाही इजा झाली नाही.

त्या रात्रीच्या बातम्यांत स्फोटकाची, तपासाची आणि तर्कवितर्कांची चर्चा पुष्कळ झाली. ज्या एका गोष्टीवर सारे अवलंबून होते, तिची चर्चा फारशी झाली नाही. ती गोष्ट म्हणजे वस्तू दिसल्यापासून पोलिसांना कळविण्यापर्यंत गेलेला वेळ. असे पथक गावोगावच्या ठाण्यांत नसते. ते जिल्ह्याच्या पातळीवर असते आणि त्याला यायला वेळ लागणारच. तो वेळ गावाच्या हाती नाही. “सकाळी बघू”, “कोणाची तरी विसरलेली पिशवी असेल” असे म्हणत जाऊ शकणारे तास मात्र सर्वस्वी गावाच्या हाती होते आणि ते गेले नाहीत. सकाळच्या पहिल्या फेरीला त्याच बसमध्ये प्रवासी बसले असते, एवढे ध्यानात घेतले म्हणजे त्या फोनचे मोल कळते.

पोलीस किती वेळात येतात, हा प्रश्न व्यापारी कुटुंबांत नेहमी निघतो. दुकानात चोरी झाली, रात्री गोदामाचे कुलूप तुटले, वसुलीवरून कोणी अंगावर धावून आले, की दुसऱ्या दिवशी बाजारात पहिला शेरा पोलिसांच्या उशिराबद्दल असतो. तो शेरा पुष्कळदा खराही असतो. परंतु उशीर म्हणजे नेमका कोठून कोठपर्यंतचा वेळ, हे विचारले तर उत्तर सहसा मिळत नाही. व्याज आकारताना दिवस कोणत्या तारखेपासून मोजायचे यावर जे लोक हुज्जत घालतात, त्यांनी येथेही तितकेच काटेकोर असायला हरकत नाही.

आज महाराष्ट्रात आणीबाणीचा क्रमांक ११२ हा आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने एप्रिल २०१५ मध्ये सर्व देशासाठी या एका क्रमांकाची शिफारस केली. हिमाचल प्रदेशाने नोव्हेंबर २०१८ मध्ये तो प्रथम सुरू केला आणि महाराष्ट्रात ही यंत्रणा २०२१ पासून कार्यान्वित झाली. पूर्वी १०० फिरविला की फोन त्या त्या शहराच्या अथवा जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात वाजे. आता ११२ चा फोन राज्याच्या मध्यवर्ती केंद्रात जातो. मुख्य केंद्र नवी मुंबईत महापे येथे, तर दुसरे नागपूर येथे आहे. तेथील कर्मचारी माहिती नोंदवितो, ती नोंद संबंधित जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाकडे जाते, तेथून जवळच्या पोलीस वाहनातील पडद्यावर उमटते, आणि मग गाडी निघते. यासाठी राज्यभर दीड हजाराच्या आसपास चारचाकी आणि दोन हजारांहून अधिक दुचाकी वाहने जोडलेली आहेत.

म्हणजे वेळेचे निदान तीन तुकडे झाले: फोन उचलून माहिती नोंदविण्याचा, नोंद योग्य गाडीपर्यंत पोचण्याचा आणि गाडी घटनास्थळी येण्याचा. पोलीस खाते जेव्हा सरासरी सांगते तेव्हा यांतील कोणते तुकडे त्यात धरले आहेत, हे पाहावे लागते. शिवाय सरासरी हा मोठा लबाड आकडा आहे. समजा, नऊ फोनना पाच पाच मिनिटांत मदत मिळाली आणि दहाव्याला पंचावन्न मिनिटे लागली, तर सरासरी दहा मिनिटे येते. कागदावर दहा मिनिटे छान दिसतात. पण ज्याच्या दारात पंचावन्न मिनिटे कोणी आले नाही, त्याला त्या सरासरीचा काय उपयोग? शहरातील चौकाचौकांतून मिळणारी जलद मदत आणि आपट्यासारख्या गावाला मिळणारी मदत एकाच आकड्यात मिसळली, की नेमके गाव दिसेनासे होते.

आपट्याची आणखी एक अडचण आहे, ती पत्त्याची. महसुलाच्या दृष्टीने गाव पनवेल तालुक्यात. येथील कित्येकांची घरे, नातीगोती, बाजारहाट आणि बँकेची खाती पनवेलशी बांधलेली. म्हणून “कुठून बोलता?” या प्रश्नाला तोंडून सहज “पनवेल” असे उत्तर जाते. पोलिसी व्यवस्थेत मात्र पनवेल शहर आणि त्याभोवतीचा मोठा भाग नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाकडे आहे, तर आपट्याचा परिसर रसायनी पोलीस ठाण्याकडे, म्हणजे अलिबागला मुख्यालय असलेल्या रायगड जिल्हा पोलीस दलाकडे. महाप्याच्या केंद्रात बसलेल्या कर्मचाऱ्याने आपटा पाहिलेले असेलच असे नाही. फोनचे ठिकाण यंत्रावर दिसते हे खरे. पण मनोऱ्यावरून काढलेले ठिकाण अंदाजाचे असते, आणि नदी, डोंगर व लोहमार्ग यांच्या बेचक्यात तो अंदाज पलीकडच्या काठावरही पडू शकतो. “आपटा, तालुका पनवेल, जिल्हा रायगड, पोलीस ठाणे रसायनी” असे चार शब्दगट एका दमात सांगितले, तर दुसऱ्या तुकड्यातील घोळ बराचसा टळतो. घरातील आजीला आणि दुकानातील नव्या पोऱ्यालाही ते सांगता आले पाहिजेत.

आणीबाणीच्या फोनची व्यवस्था जगात जन्मली तीच मुळी अशा एका घोळातून. १० नोव्हेंबर १९३५ रोजी लंडनच्या विंपोल स्ट्रीटवरील एका घराला आग लागली आणि पाच स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. समोर राहणाऱ्या गृहस्थांनी अग्निशमन दलासाठी टेलिफोन केंद्राला फोन लावला, पण इतर फोनांच्या रांगेत त्यांचाही फोन ताटकळत राहिला. त्यांनी संतापून वर्तमानपत्राला पत्र लिहिले, चौकशी झाली आणि ३० जून १९३७ पासून लंडनमध्ये ९९९ हा क्रमांक सुरू झाला. अमेरिकेत ९११ चा पहिला फोन फेब्रुवारी १९६८ मध्ये अलाबामातील हॅलीव्हिल या लहानशा गावात वाजला. त्यानंतरची काही वर्षे सगळीकडे एकच ध्यास होता: गाड्या वाढवा, बिनतारी यंत्रे वाढवा, पोलीस लवकर पोचवा.

सत्तरच्या दशकात कॅन्सस सिटीच्या पोलिसांनी या ध्यासाचा हिशेब तपासून पाहिला. गुन्हा घडल्यापासून पोलीस येईपर्यंतचा सगळा वेळ त्यांनी तुकड्यातुकड्यांनी मोजला. तेव्हा असे दिसले की, गाडीच्या प्रवासाइतकाच, पुष्कळदा त्याहून अधिक वेळ फोन होण्यापूर्वीच निघून गेलेला असतो. विल्यम स्पेलमन आणि डेल ब्राऊन या अभ्यासकांनी पुढे अमेरिकेतील आणखी चार शहरांत हीच तपासणी केली. गंभीर गुन्ह्यांपैकी केवळ २.९ टक्के प्रकरणांतील अटकेचे श्रेय पोलीस लवकर पोचण्याला देता येते, असा त्यांचा निष्कर्ष होता. एक कारण उघड आहे: बहुतेक गुन्हे घडून गेल्यावर उघडकीस येतात. सकाळी कुलूप तुटलेले दिसते, चोर मध्यरात्रीच गेलेला असतो. दुसरे कारण अधिक विचार करायला लावणारे आहे. ज्यांच्या डोळ्यांदेखत गुन्हा घडला, तेही लगेच फोन करीत नव्हते. आधी घरच्यांना सांगत, मालकाला विचारत, सामान तपासून पाहत, पोलिसांत जावे की नको यावर मनाशी वाद घालीत. ती काही मिनिटे गुन्हेगाराला पुरेशी होत.

या निष्कर्षाचा आधार घेऊन “मग पोलीस उशिरा आले तरी काही बिघडत नाही” असे कोणी म्हणेल, तर ते मात्र चूक. इंग्लंडमधील मँचेस्टरच्या नोंदींवर आधारलेला ब्लानेस आणि किर्शमायर यांचा २०१८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की, पोलिसांचा पोचण्याचा वेळ दहा टक्क्यांनी वाढला, तर गुन्हा उलगडण्याची शक्यता ४.७ टक्के बिंदूंनी घटते. लवकर पोचलेल्या पोलिसाला साक्षीदार जागेवर भेटतात, संशयिताचे नाव कळते. तेव्हा दोन्ही अभ्यास एकत्र वाचावेत. पोलिसांची मिनिटे मोलाची आहेतच. पण ती मोजायला सुरुवात होते ती फोन लागल्यानंतर.

आपल्याकडील बाजारपेठेत त्या आधीची मिनिटे कशी जातात, हे कोणत्याही पेठेत बसणाऱ्याला ठाऊक आहे. संध्याकाळी दुकान बंद करण्याच्या वेळी दोघे आत शिरतात, दमदाटी करतात, गल्ल्यातील रक्कम घेऊन निघून जातात. दुकानदार पहिला फोन करतो थोरल्या भावाला. भाऊ म्हणतो, “थांब, मी येतो, तोवर कोणाला काही बोलू नकोस.” दुसरा फोन व्यापारी संघटनेच्या अध्यक्षांना. ते आपल्या ओळखीच्या नगरसेवकाला किंवा सरपंचांना लावतात. तिसरा फोन ओळखीच्या हवालदाराला जातो. तो नेमका त्या दिवशी बंदोबस्तावर किंवा रजेवर असतो. मग कोणीतरी सुचविते, आधी सीसीटीव्ही पाहू. सीसीटीव्ही पाहण्यासाठी ज्याला पासवर्ड ठाऊक आहे त्या मुलाला कॉलेजातून बोलावले जाते. एवढे होऊन पोलिसांना खबर मिळते, तेव्हा ज्यांना गाठायचे ते महामार्गाला लागून केव्हाच दूर गेलेले असतात. पुढे पोलीस दहा मिनिटांत आले, तरी घरातील माणसे सांगतात, “तासभर कोणी फिरकले नाही.” त्यांना तो तास खरोखरच तसा वाटलेला असतो.

या दिरंगाईमागे आळस नसतो, भीती असते. ठाण्याच्या पायऱ्या चढाव्या लागतील, साक्षीला वर्षानुवर्षे खेटे घालावे लागतील, गल्ल्यातील रकमेविषयी नको ते प्रश्न निघतील, मुलीबाळींची नावे कागदावर येतील, बाजारात पत जाईल. पिढ्यान् पिढ्या पतीवर जगलेल्या घरांना ही भीती खोटी आहे असे सांगण्यात अर्थ नाही. ११२ चा फोन आणि फिर्याद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे मात्र सांगितले पाहिजे. फोनने मदत येते. गुन्हा नोंदविण्याची प्रक्रिया त्यानंतरची. ती प्रक्रियाही आता थोडी सुकर झाली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते, घटना कोणत्या हद्दीत घडली याची सबब चालत नाही. खबर इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते. मात्र तीन दिवसांच्या आत तिच्यावर सही करावी लागते. नोंदीची प्रत विनामूल्य मिळण्याचा हक्क आहे. आपट्यासारख्या, दोन पोलीस दलांच्या सीमेजवळच्या गावासाठी हद्दीविषयीची ही तरतूद मोलाची आहे.

अपघाताच्या बाबतीतही अशीच एक जुनी भीती आहे. पळस्प्याहून कर्नाळ्यामार्गे पेणकडे जाणाऱ्या मुंबई-गोवा महामार्गावर जखमी माणूस दिसला तरी गाडी पुढे काढणारे पुष्कळ असतात. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले; सद्भावनेने मदत करणाऱ्यावर त्याबद्दल दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि त्याला स्वतःचे नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. साधू-साध्वींच्या विहारात सोबत चालणाऱ्या तरुणांना तर हे माहीत असलेच पाहिजे. पहाटेच्या अंधारात रस्त्याकडेने चालताना एखादे वाहन अंगावर आले, तर “कर्नाळ्याजवळ” हे वर्णन पुरत नाही. रस्त्याकडेच्या दगडावरील किलोमीटरचा आकडा आणि आपण कोणत्या दिशेच्या बाजूला आहोत, हे सांगावे लागते. चालता चालता शेवटचा दगड कोणता गेला, याकडे एकाने लक्ष ठेवले तरी पुरे. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक राज्यात २०१४ पासून आहे. तोही त्याच क्षणी दुसऱ्या फोनवरून लावावा.

फोनवर बोलताना आधी ठिकाण सांगावे, मग काय घडते आहे ते, मग आपले नाव. लोक उलटे करतात: आधी ओळख, मग पार्श्वभूमी, भांडण कोणी सुरू केले त्याचा इतिहास, आणि ठिकाण सांगण्याच्या आधीच फोन तुटतो. ठिकाण एकदा पोचले, की बाकीचे अर्धवट राहिले तरी गाडी निघू शकते. समोरच्याने प्रश्न विचारले म्हणून चिडू नये. तो विचारतो आहे याचा अर्थ वेळ वाया जातो आहे असा नव्हे. बोलणेच शक्य नसेल, तर केंद्र सरकारने २०१६ च्या नियमांनी केलेली सोय आहे: १ जानेवारी २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या साध्या फोनवर ५ किंवा ९ चे बटण दाबून धरल्यास, आणि स्मार्टफोनवर पॉवरचे बटण झटपट तीनदा दाबल्यास आणीबाणीचा फोन लागावा. निरनिराळ्या कंपन्यांच्या फोनवर ही रीत थोडी बदलते, म्हणून आपल्या फोनची सेटिंग निवांतपणी पाहून ठेवावी. गंमत म्हणून लावून पाहू नये. त्या वेळी खऱ्या संकटातील कोणाचा तरी फोन रांगेत असू शकतो. विंपोल स्ट्रीटवर तेच झाले होते.

एका प्रकारच्या गुन्ह्यात तर मिनिटांचा हिशेब अक्षरशः रुपयांत मांडता येतो. खात्यातून फसवणुकीने पैसे गेले, तर केंद्र सरकारचा १९३० हा क्रमांक आहे. गेलेली रक्कम सहसा एका खात्यात थांबत नाही. ती भाड्याने घेतलेल्या पाच-सात खात्यांतून झरझर फिरते आणि शेवटी एटीएममधून किंवा अन्य वाटेने बाहेर पडते. तक्रार नोंदली की ती संबंधित बँकांपर्यंत पोचते आणि वाटेत जेथे रक्कम सापडेल तेथे ती रोखून धरली जाते. रक्कम खात्याबाहेर पडल्यावर रोखण्यासारखे काही उरत नाही. येथे पोलिसाला गाडी काढायची नसते, रस्ता शोधायचा नसतो; उशीर होतो तो बहुधा आपल्याच संकोचाने. “मुलांना कळले तर काय म्हणतील” या विचारात वडीलधारी माणसे रात्र काढतात. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकातही घड्याळ आहे. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, अशा व्यवहाराची खबर बँकेला सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत दिली, तर ग्राहकावर काहीच भार पडत नाही. ग्राहकाने स्वतः ओटीपी सांगितला असेल, तर कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे. कळविल्यानंतर जाणारी रक्कम मात्र बँकेच्या माथी. खबर दिल्याची वेळ लिहून ठेवण्याचे महत्त्व यावरून कळावे.

नागरिकांनी आपला वेळ वाचवावा, याचा अर्थ पोलिसांच्या वेळेबद्दल मौन पाळावे असा नाही. ठाण्याचे कार्यक्षेत्र मोठे, मनुष्यबळ अपुरे, त्यात सणावाराचा बंदोबस्त, पावसाळ्यात नदीनाल्यांचे पाणी, लोहमार्गाचे फाटक. या अडचणी खऱ्या आहेत. पण त्या खऱ्या आहेत म्हणूनच गावनिहाय आकडे समोर यायला हवेत. संपूर्ण जिल्ह्याची सरासरी आपट्याच्या कामाची नाही. आपट्याहून वर्षभरात ११२ ला किती फोन गेले, त्यांपैकी निम्म्यांना किती मिनिटांच्या आत मदत पोचली, सर्वांत जास्त वेळ कोठे लागला आणि का, ही माहिती माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली मागता येते. तिच्यात कोणाचे नाव वा पत्ता लागत नाही, त्यामुळे गोपनीयतेचे कारणही पुढे करता येऊ नये. व्यापारी संघटनांनी प्रायोजित फलक आणि सत्कार यांवर होणाऱ्या श्रमांतील थोडे श्रम या एका अर्जावर खर्च केले, तर त्याचा उपयोग साऱ्या गावाला होईल.

गावात पोलीस पाटील असतो, हे शहरातून आलेल्या दुकानदारांच्या लक्षात नसते. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ नुसार गावातील गुन्ह्यांची आणि संशयास्पद हालचालींची खबर ठाण्याला देणे हे त्याचे कर्तव्यच आहे. गाडी येईपर्यंत वाट दाखवायला, फाटकाजवळ उभे राहायला, जमाव आवरायला त्याच्याइतका उपयोगी माणूस नाही. मात्र त्याला लावायचा फोन हा दुसरा. पहिला ११२ ला.

आपट्यातील एखाद्या दुकानात गल्ल्याच्या वर, लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी, दरपत्रकाइतक्याच ठळक अक्षरांत चार ओळी लावायला एक कागद पुरतो: दुकानाचे नाव आणि जवळची खूण, आपटा, तालुका पनवेल, जिल्हा रायगड, पोलीस ठाणे रसायनी. खाली ११२, १०८ आणि १९३०. घाबरलेल्या माणसाला स्वतःचा पत्ता आठवत नाही, वाचता मात्र येतो. आणि पुढच्या ग्रामसभेला किंवा शांतता समितीच्या बैठकीला ठाण्याचे अधिकारी येतील, तेव्हा मदत पोचायला किती वेळ लागतो, हे त्यांना आदराने विचारावे. “दहा मिनिटे” असे उत्तर मिळाले, तर ती दहा मिनिटे कोणत्या क्षणापासून मोजली, हेही त्याच बैठकीत विचारून इतिवृत्तात लिहून घ्यावे.